चौदा नंबरच्या घरचं तास

पिंगळी
१४ नोव्हेंबर १९७६

मल्लू,

आशीर्वाद हायेतच, ते काय दर खेपेला कागदावर उतरवायला लागत न्हाईत.

तुझी तिन्ही पत्रं पोचली. पहिलं गेल्या सालच्या दिवाळीत, दुसरं संक्रांतीला, तिसरं परवा. पोस्टमन भगवानराव दर वेळी आफ्रिकेचं तिकीट फाडून मागतो, नातीला देतो म्हणतो. मी उत्तर दिलं न्हाई. टपालात हरवलं असं समजू नकोस. पोचलं, वाचलं, अन् दिलं न्हाई.

आज बसले ते तुझ्या त्या छापील कागदापायी. "अक्का, तीन सालांचा एवढा कागद भरून दे, तुझ्याशिवाय कोण भरणार?" असं लिवलंस. खरं हाय. गावात सध्या कुणी कागद-पेन्सिल घेऊन दिसलं की गडी माणसं नसबंदीवाले आले म्हणून तुरीत पळतात. तुझ्या विद्यापीठातला तो चष्मेवाला बन्सीधर मागच्या महिन्यात आला, तर शेजारचा रंगनाथ दुपारपर्यंत तुरीतून बाहेर आला न्हाई. त्याची बायको सुलाबाई भाकरी घेऊन त्याला हाका मारत फिरायली होती. एरवी मी लय हसले असते.

तर घे तुझी उत्तरं.

घराचा नंबर चौदा. रान तेवढंच, रुळाच्या कडेचं सहा एकर. कपाशी बरी हाय. बाईच्या तासात काय पेरलं, साल चौऱ्याहत्तर: काही न्हाई. पंच्याहत्तर: काही न्हाई. शहात्तर: काही न्हाई.

खाली "कारण" म्हणून बोटभर ओळ ठिवलीस. तेवढ्यात मावत न्हाई, म्हणून कोरी सोडली.

तुझ्या दाजींचा गुडघा दुखतो, बाकी बरे हायेत. शिवी पेडगावला सासरी बरी हाय असं कळतं. कुणाकडनं तरी कळतं.

अक्का


पिंगळी
१६ जानेवारी १९७७

मल्लू,

लवकर उत्तर आलं तुझं. विचारतोस, "अक्का, तीन वर्षं तास का टाकलं न्हाईस? पाऊस तर बरा होता." एवढा मोठा डॉक्टर झालास, गुरांचा न्हाई, माणसांचा न्हाई, पिकाच्या हिसाबाचा, अन् मला पाऊस विचारायलास!

एकदा सगळं सांगते. रागानं न्हाई. राग यायचा तो येऊन गेला. आता आत काही हलत न्हाई. चूल पेटवते, भाकरी करते, जेवते, झोपते. कुणी मेलं म्हणून सांगितलं तरी "बरं" म्हणते अन् हातातलं काम करत राहते.

त्र्याहत्तरच्या मिरगापासून तू वर्षभर आमच्याकडंच उतरला होतास. सगळ्या गावाच्या भिंतींवर, दाराशेजारी, गेरूनं नंबर टाकत फिरलास. आमचा चौदा. मी म्हटलं, "अरे, चांगली सारवलेली भिंत नासवतोस." तर म्हणालास, "अक्का, नंबर असला की नाव कुठं येत न्हाई. कुणाचं काही बाहेर फुटत न्हाई."

तुझ्या कागदावर बाईच्या तासाला रकानाच न्हवता. मीच तुला रानात नेऊन दाखवलं. आठ ओळी कपाशी झाली की नववी ओळ, म्हणजे नववं तास, बाईचं. तिफणीच्या चाड्यावर बाईच असती, बी तिच्याच मुठीतून जातं. त्या तासाला ती आपला मूग सोडती, तीळ सोडती, चवळी, अंबाडी. गडी बैल हाकतो अन् पुढं बघतो. मागं बघायचं न्हाई, अशी रीत. माल निघाला की बाईच्या मडक्यात जातो, किती झाला ते घरात कुणी विचारत न्हाई. माझ्या सासूचं असंच होतं, तिच्या सासूचं असंच. तू लय खूष झालास. म्हणालास, "अक्का, हे आजवर कुणी मोजलंच न्हाई!"

मग किती होतं विचारलंस, सांगितलं. कुठं जातं विचारलंस, तेबी सांगितलं. भाऊ विचारायलाय, असं मला वाटलं.

कुठं जात होतं ते तुला ठाऊक हाय. शिवी आठवीपासून परभणीला मालनबाईच्या घरी राहून शिकायली होती. मालनबाई एकटी बाई, दोन-तीन पोरी ठिवून घ्यायची, अन् माझ्या मडक्यातला मूग, तीळ, चवळी तिच्या चुलीवर जायची. तुझ्या दाजींना मी सांगितलं होतं की शिवीचं सगळं मल्लूच बघतो. मामानं भाचीला शिकवलं तर बापाला त्यात कमीपणा न्हाई, म्हणून ते गप होते. माझं खोटं होतं, पण दोन वर्षं चाललं.

चैत्रात तू चावडीवर गाव गोळा केलंस. गावानं माहिती दिली तर गावाला निकाल सांगायला पाहिजे म्हणालास. तुझ्या मनात चांगलंच होतं, ते मी आजबी म्हणते. नाव कुणाचं घेतलं न्हाईस. म्हणालास, "घर नंबर चौदा. बाईच्या तासाला चिमूटभर खत न्हाई, तरी मूग इतका, तीळ इतका, अन् सगळा घराबाहेर, परभणीला गेला. त्या तासाला खत दिलं असतं तर घराचं उत्पन्न किती वाढलं असतं बघा." अरे येड्या, नंबर तूच भिंतीवर लिवला होतास! मी मागं बायांत बसले होते. सगळ्या गड्यांच्या माना एकदम तुझ्या दाजींकडं वळल्या. रंगनाथ म्हणाला, "ईश्वरअप्पा, तुमच्या रानात तर वैनीचंच पीक जोरात हाय की!" गाव हसलं. तूबी हसलास. तुला वाटलं बहिणीची तारीफ झाली.

ते घरी आले, जेवले, हात धुतले. मग विचारलं, "शिवीचं मल्लू करत न्हवता?" मी म्हटलं, "न्हाई." ओरडले न्हाईत, हात उचलला न्हाई. तेवढंच बोलणं झालं.

त्या मिरगाला त्यांनी चाड्यावर सटवाजीला उभा केला, आमच्या सालगड्याला. मी भाकरी घेऊन गेले तर तो मान खाली घालून बी सोडायलेला. मला बघून म्हणतो, "बाई, मालक मला कशाला यात घालायलेत?" तीस वर्षं त्या चाड्यावर मी होते. गड्याच्या मुठीनं पेरलेलं रान आमच्या शिवारात कुणी बघितलं न्हवतं. येणारा-जाणारा बांधावर थांबून बघायचा.

शाळा उघडली, शिवी गेली न्हाई. दहावीचं वर्ष होतं. पुढच्या उन्हाळ्यात पेडगावला दिली. तू लग्नाला आलास, भिंतीवरचं घड्याळ आणलंस. ते अजून चालू हाय म्हणतात.

त्या चौदाचं राहिलं. दर सणाला भिंत सारवते तवा तेवढी जागा सोडून सारवते. सुलाबाई विचारती, हे काय गं? मी म्हणते, भावाची आठवण हाय.

अक्का


पिंगळी
९ एप्रिल १९७७

मल्लू,

दोन पानं भरून माफी लिवलीस. वाचली, घडी करून पेटीत ठिवली. मला काही वाटलं न्हाई. वाटायला पाहिजे होतं, एवढं कळतं. तुझा जीव तिकडं तुटत असेल, मी कशाला खोटं लिहू? दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल कसा आपला वाटत न्हाई, तसं झालंय.

तिथल्या बायांचं लिवलंस ते मात्र दोनदा वाचलं. तिकडं आफ्रिकेत, तुझ्या त्या वोल्टा देशात ज्वारीच खातात हे वाचून बरं वाटलं, उपाशी तरी राहत न्हाईस. गड्याचं रान निराळं, बाईचा भुईमुगाचा तुकडा निराळा, अन् शेणखत सगळं गड्याच्या रानात. ते मी सुलाबाईला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग हे बघायला इमानात बसून जायचं काय नडलं होतं?"

पण पुढचं वाचून मी पत्र खाली ठिवलं. पीक निघालं की गावच्या म्हाताऱ्यांना झाडाखाली बसवून निकाल सांगणार म्हणतोस. कुठल्या घरात बाईच्या तुकड्याला खत दिलं तर घराचा किती फायदा, ते सांगणार.

सांगू नकोस, मल्लू.

जी बाई तुला शेंगा भाजून देती अन् हसून सगळं सांगती, ती तुला सांगती. तिच्या नवऱ्याला सांगत न्हाई. ती भुईमूग कुठं नेती ते तुला ठाऊक हाय का? तुझ्या वहीत असेल. मोज तू, तुझा धंदा मी मोडत न्हाई. तुझ्या साहेबांना सांग, पुस्तकात छाप, जिथं तिला कुणी ओळखत न्हाई तिथं सांग. तिच्या दारात सांगू नकोस. अन् भिंतीवर नंबर टाकलेत का तिथंबी?

आणखी एक सांगते, आजवर सांगितलं न्हाई. तू औरंगाबादला शिकायला गेलास तवा आपले अप्पा म्हणायचे, पोराला सरकारी वजिफा मिळायलाय. वजिफा निम्माच होता. बाकी आपल्या आईचं तास होतं. मी लग्न होऊन इकडं आले होते, तरी दर सुगीला तिचं गाठोडं माझ्याकडं यायचं अन् मी ते पुढं तुझ्या खानावळीला पोचवायची. अप्पा मरेपर्यंत त्यांना कळलं न्हाई. तवा कुणी शिकलेला माणूस वही घेऊन आईपुढं बसला असता अन् आईनं खरं सांगितलं असतं, तर तू आज अप्पांच्या रानात बैल हाकत असतास.

निवडणूक झाली, सरकार बदललं, गडी तुरीतून बाहेर आले. ऊन लय हाय.

अक्का


पिंगळी
२० जुलै १९७७

मल्लू,

"अक्का, विचार करतो," एवढंच लिवलंस. कर.

इकडं पेरण्या झाल्या. यंदा एक झालं ते लिहिते. तिफण जुंपली, सटवाजी चाड्याकडं निघाला, तर तुझे दाजी त्याला म्हणाले, "तू बैलाकडं बघ." मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "तू हो चाड्यावर. मूग टाकायचा तर टाक. माझी काही ना न्हाई."

तीन मिरग गेल्यावर. गुडघ्यावर हात ठिवून उभे होते बांधावर, म्हातारे दिसायले. मला दया आली का? आली असेल. सुलाबाईनं सकाळीच मूग आणून माझ्या पदराला बांधला होता, तिला कसं कळलं कोण जाणे. मी चाड्यावर उभी राहिले. आठ ओळी झाल्या, नववं तास आलं. हे बांधावरून दुसरीकडं बघायच्या ऐवजी माझ्याकडं बघायलेले, आता टाकंल, मग टाकंल. माझ्या मुठीत सरकीच राहिली. त्यांना विचारून टाकलं तर ते तास त्यांचंच, माझं कसलं? शेवटच्या ओळीपर्यंत सरकीच सोडली मी. मूग घरी आणून शिजवला. जेवताना त्यांनी दोनदा वाढून घेतला.

शिवी आखाडाची दोन दिवस आली होती. माझ्याशी बोलत न्हाई. बापाशी बोलती, सुलाबाईशी हसती, माझ्यापुढं ताट सरकवती, पण आई म्हणून हाक मारत न्हाई. दोन वर्षं झाली. लग्नाच्या आदल्या दिवशी मला म्हणाली होती, "मामानं विचारलं ते त्याचं काम होतं. तू सांगितलंस कशाला?"

जायच्या दिवशी तिनं माळ्यावरची पेटी खाली घेतली. दहावीची पुस्तकं त्यात होती, तू आणून दिलेली. भूगोलाचं उंदरानं कुरतडलं होतं, तेबी घेतलं. सगळी लुगड्यात गुंडाळली. मी म्हटलं, "कशाला गं आता?" तिनं गाठोड्याची गाठ आवळली. टेसनापर्यंत मी मागं मागं गेले. गाडी आली, ती चढली, खिडकीत बसली, गाठोडं मांडीवर. हात हलवला न्हाई. मीबी न्हाई.

अक्का


पिंगळी
४ सप्टेंबर १९७७

मल्लू,

हे पत्र नीट वाच. दोनदा वाच.

परवा मी पेडगावला गेले. बोलावणं न्हवतं, सकाळच्या गाडीत बसले अन् गेले. शिवीची सासू सगुणाबाई चांगली बाई हाय, लगेच चहा ठिवला. सासरा तात्याराव ओट्यावर दोरी वळत बसलेले, जावई बैलांपाशी. शिवीनं पाणी आणून दिलं अन् आत गेली.

तेवढ्यात तुझा बन्सीधर आला. यंदा पेडगावची घरं घेतलीत म्हणाला, डॉक्टरसाहेबांचा कागद हाय. हातात गेरूचा डबा. "आधी भिंतीवर नंबर टाकतो," म्हणून उठला, तर शिवी आतून आली अन् म्हणाली, "भिंत आत्ताच सारवलीय, ओली हाय." भिंत वाळून खडखडीत झालेली. तात्यारावांनी वर बघितलं, पण सारवणाचं बायांनाच ठाऊक, ते पुन्हा दोरी वळायला लागले. बन्सीधर बसला खाली.

रान किती, बैल किती, खत किती, सगळं तात्यारावांनी सांगितलं. मग त्यानं पान उलटलं. तिथं आता बाईच्या तासाचा रकाना हाय, तू घातलेला. तो शिवीला विचारतो, सासू-सासऱ्यांच्या देखत, "वैनी, तुमचं तास? मूग?"

"न्हाई."

"तीळ?"

"न्हाई."

"चवळी? अंबाडी तरी, भाजीपुरती?"

"अंबाडी आमच्यात कुणाला आवडत न्हाई. सगळी कपाशीच हाय."

तसं म्हणताना तिनं माझ्याकडं बघितलं. सरळ डोळ्यात. सगुणाबाई सुपातलं पाखडायली होती, तिचा हात जरा थांबला अन् पुन्हा चालू झाला. तिनं शिवीला खोटं पाडलं न्हाई. मीबी न्हाई. बन्सीधरनं शून्य लिवलं, डबा उचलला अन् गेला. रानात उतरून बघायचं त्याच्या मनातच आलं न्हाई, चप्पल नवी होती.

तो गेल्यावर शिवी म्हणाली, "आई, चल रानात."

आई म्हणाली, मल्लू.

कपाशी कमरेला लागली होती. आठ ओळी ओलांडून नवव्या तासात गेलो, तर खाली मूग. काळ्या झालेल्या शेंगा, वेळेवर तोडल्या न्हाईत तर तडकतील अशा. दोघी वाकून तोडायला लागलो. कशासाठी, ते तिनं सांगितलं. मी ते तुला लिहीत न्हाई. मागच्या पत्रात पुस्तकांचं लिवलं होतं, ते पत्र चुलीत घाल. तिथं चूल नसेल तर काडी लावून जाळ.

तोडता तोडता मला रडू आलं. तीन वर्षांत मी रडले न्हवते, लग्नात न्हाई, टेसनावर न्हाई. तिथं ओटीत शेंगा घेऊन हमसून हमसून रडले. शिवी म्हणाली, "आई, शेंगा भिजतील." अन् हसली. मग मला आणखीच रडू आलं.

आता हे तुला का सांगायले? एकदा सांगून हात पोळलेत. पण न सांगावं तर भ्या वाटतं. तो कागद तुझ्याकडं येणार. तू हुशार. कपाशीच्या रानात बाईचं तासच न्हाई असं घर परभणीत कुठं असतं, म्हणून तुला संशय येईल. बन्सीधरला लिहिशील, पेडगावच्या घरी परत जा, नीट विचार, रानात उतरून बघ. तो जाईल. सासऱ्याला घेऊन रानात उतरेल, अन् तास मोजेल.

त्याला पाठवू नकोस. शून्य हाय तसं राहू दे. तुझा हिसाब चुकंल, चुकू दे. तुझ्या साहेबांना कळणार न्हाई, कळलं तर अक्का येडी होती म्हण. तिथल्या म्हाताऱ्यांना झाडाखाली बसवून काय सांगितलंस, का सांगितलं न्हाईस, ते तू अजून लिवलं न्हाईस. तेबी लिव. मला ऐकायचंय.

दिवाळीला दोन महिने हायेत. तवर तुझं पत्र येतं. बाकी काही लिवलं न्हाईस तरी चालंल, "शून्य तसंच ठिवलं," एवढं लिव. मग भिंत सारवताना चौदाच्या जागेवरून मी हात फिरवते. माती आणून ठिवलीय.

तुझी अक्का